पुंजविज्ञानांतील संशोधनाची संधि

शाळेंतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांच्या यशाच्या वार्ता दरवर्षीं शाळांच्या अंकांतून छापल्या जातात. कोणी वैद्य होतो, कोणी अभियंता होतो, कोणी सरकारी परीक्षेंत उत्तीर्ण होऊन अधिकारपदावर चढतो. आणि त्या त्या पदाचा अर्थ वाचकांस निराळा समजावून द्यावा लागत नाहीं. परंतु 'अमुक विद्यार्थ्यास सैद्धांतिक पुंजभौतिकींत पीएच्. डी. करितां प्रवेश मिळाला' अशी वार्ता आली म्हणजे तिच्यावर काय बोलावें हें पुष्कळांस सुचत नाहीं. हें शिक्षण म्हणावें कीं नोकरी? यांत लाभ तो कोणता? हा मुलगा आणखी शिकणार तरी किती? असे प्रश्न मनांत येतात व संकोचामुळें मनांतच राहतात. अशी एक वार्ता आमच्यापर्यंत आली असल्यामुळें या प्रश्नांचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

हा विद्यार्थी कोण हें आम्ही सांगणार नाहीं. त्याचीच तशी इच्छा आहे. वडील शिवणकाम करतात, आई घर सांभाळून त्यांस काजें-बटणें करूं लागते, आणि धाकटी बहीण अद्याप शिकत आहे. एम्. एस्सी. होतांच एकाच महिन्यांत त्याच्या हातीं दोन पत्रें आलीं. एक संगणकाच्या धंद्यांतील नोकरीचें होतें. दुसरें एका संशोधनसंस्थेचें. दुसऱ्या पत्रांत पुंजभौतिकींतील संशोधनास जागा व दरमहा विद्यावेतन देऊं केलें होतें. पहिल्या पत्रांतील वेतन त्याहून बरेंच अधिक होतें. उत्तर पंधरा दिवसांत द्यावयाचें होतें. मुलगा सल्ला विचारावयास आला तो एकटा आला नाहीं. आईहि बरोबर होती. त्या माउलीनें जो प्रश्न विचारला तो आम्हांस मोठा समंजस वाटला. "सर, हा शिकेल याची मला शंका नाहीं. पण हें शिकून हा नक्की काय करणार, तें मला कळेल असें एकदां सांगा." असा प्रश्न विचारणाऱ्या आईस मोघम उत्तर देऊन वाटेस लावणें शिक्षकास शोभत नाहीं. आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली व सांगावयाचें तें नीट जुळविलें. पुढील मजकूर म्हणजे त्याचाच विस्तार होय.

प्रथम विषय कोणता तें पाहूं. १४ डिसेंबर १९०० रोजीं बर्लिन येथें माक्स प्लांक यांनीं जर्मन भौतिकी परिषदेपुढें एक निबंध वाचला. तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या प्रकाशाचा हिशेब जुन्या नियमांनीं जुळत नव्हता. तो जुळावा म्हणून प्लांक यांनीं असें गृहीत धरलें कीं, ऊर्जेची देवघेव अखंड धारेनें होत नसून ठराविक मापाच्या पुंजक्यांनीं होते. दूध हवें तितकें ओतून घेतां येतें, नाणीं मात्र एक, दोन, तीन अशीं मोजूनच घ्यावीं लागतात. ऊर्जेची जात नाण्यांची निघाली. हें नाणें अतिशय लहान. त्याचें माप ठरविणारा जो प्लांकचा स्थिरांक, तो आपल्या रूढ मापांत लिहावयाचा म्हणजे दशांशचिन्हापुढें ३३ शून्यें मांडून मग ६६ हा आंकडा मांडावा लागतो. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम हें मापसुद्धां याच स्थिरांकाच्या आधारें ठरविलें जातें. पूर्वीं पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा हें वजनाचें अंतिम प्रमाण होतें. आतां निसर्गांतील हा सूक्ष्म आंकडाच तें काम करतो.

प्लांक यांच्या या कल्पनेस नियमबद्ध शास्त्राचें रूप येण्यास आणखी पंचवीस वर्षें जावीं लागलीं. १९२५ च्या उन्हाळ्यांत वेर्नर हायझेनबर्ग या २३ वर्षांच्या जर्मन तरुणानें एक निबंध लिहिला. त्यांत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. दोन राशींचा गुणाकार करतांना कोणती आधीं व कोणती मागून घ्यावी यानें उत्तर बदलत होतें. शाळेंत आपण तीन पंचे पंधरा व पांच त्रिक पंधरा असें शिकतों; तेव्हां असें कसें व्हावें? परंतु क्रमानें फरक पडतो हें पाहावयास दूर जावयास नको. एक पुस्तक मुखपृष्ठ वर करून मेजावर सरळ ठेवा. तें मेजावरच घड्याळाच्या कांट्याप्रमाणें पाव फेरा फिरवा व मग त्याची उजवीकडे आलेली कड उचलून तें उभें करा. आतां पुन्हां पहिल्यासारखें ठेवून हींच दोन कामें उलट क्रमानें करा : आधीं उजवी कड उचला, मग पाव फेरा द्या. पहिल्या वेळीं पुस्तक आपल्या खालच्या कडेवर उभें राहील, दुसऱ्या वेळीं शिवणीच्या पाठीवर. अणूच्या पोटांतील व्यवहार असाच क्रमाला धरून चालतो. त्या वर्षापासून शंभर वर्षें झालीं म्हणून संयुक्त राष्ट्रांनीं २०२५ हें पुंजविज्ञानाचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें.

'सैद्धांतिक' या शब्दाचाहि खुलासा अवश्य आहे. प्रयोगशाळेंत उपकरणें मांडून निसर्गास प्रश्न विचारणारे ते प्रायोगिक संशोधक. आलेल्या उत्तरांची संगति गणितानें लावणारे व पुढें कोणता प्रश्न विचारावा हें सुचविणारे ते सैद्धांतिक. या दुसऱ्या वर्गाचीं हत्यारें म्हणजे कागद, फळा, खडू आणि आतां संगणक. बाहेरून पाहणाऱ्यास असा मनुष्य दिवसभर कांहींच करीत नाहीं असें वाटण्याचा संभव आहे. खरें पाहतां ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नाहीं, किंबहुना जगांत कोणासहि ठाऊक नाहीं, त्याच्याशीं तो रोज झटत असतो. शाळेंतील अभ्यासांत व या अभ्यासांत मुख्य भेद हाच. पीएच्. डी. म्हणजे अशा एका प्रश्नाशीं, अनुभवी मार्गदर्शकाच्या नजरेखालीं, साधारणतः पांच वर्षें झटण्याची दिलेली सवलत.

ही सवलत मिळणें व न मिळणें यांत किती अंतर आहे हें पॉल डिरॅक यांच्या चरित्रावरून चांगलें दिसतें. इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं ८ ऑगस्ट १९०२ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील फ्रेंच भाषेचे शिक्षक होते. १९२१ सालीं डिरॅक विद्युत् अभियांत्रिकीची पदवी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले; परंतु महायुद्धानंतर आलेल्या मंदीमुळें त्यांस नोकरी मिळेना. त्याच वर्षीं केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजची परीक्षा देऊन त्यांनीं वर्षास ७० पौंडांचें विद्यावेतन मिळविलें. केंब्रिजचा खर्च तेवढ्यांत भागणें शक्य नव्हतें. दार उघडलें होतें, परंतु उंबरठा ओलांडण्यापुरते पैसे नव्हते. अशा वेळीं ब्रिस्टलच्या विद्यापीठानें फी न घेतां गणित शिकण्याची मुभा दिली. तेथें दोन वर्षें काढून १९२३ मध्यें ते पुन्हां पहिल्या वर्गांत आले, आणि या खेपेस सरकारच्या वैज्ञानिक संशोधन खात्याकडून वर्षास १४० पौंड मिळाले. मग केंब्रिजचा मार्ग मोकळा झाला. बुद्धि १९२१ मध्यें होती तीच १९२३ मध्यें होती. कमी होते ते वर्षाचे १४० पौंड. बुद्धिमान् मनुष्य कसाहि करून वर येतोच असें म्हणणारांनीं हा हिशेब लक्षांत ठेवावा.

केंब्रिजमध्यें डिरॅक यांस सापेक्षतावादावर काम करावयाचें होतें. मार्गदर्शक मिळाले ते राल्फ फौलर, आणि फौलर यांचें लक्ष अणूकडे. ही निराशाच पुढें भाग्य ठरली. ऑगस्ट १९२५ मध्यें हायझेनबर्ग यांच्या त्या निबंधाचीं मुद्रितें छापून येण्यापूर्वींच फौलर यांच्या हातीं आलीं, आणि तीं त्यांनीं सुटींत घरीं गेलेल्या आपल्या विद्यार्थ्याकडे ब्रिस्टलला टपालानें धाडलीं. डिरॅक यांनीं प्रथम तीं बाजूस ठेविलीं. कांहीं दिवसांनीं पुन्हां वाचतां गुणाकाराच्या क्रमांतच सारें मर्म आहे हें त्यांच्या ध्यानीं आलें. ऑक्टोबरांत एका रविवारीं फिरावयास गेले असतां त्यांस आठवलें कीं, जुन्या गतिशास्त्रांत प्वासाँ यांच्या नांवानें ओळखली जाणारी एक कंसांची रचना आहे व ती या गोष्टीशीं जुळेल. ती नेमकी कशी आहे हें मात्र स्मरेना. घरच्या पुस्तकांत व वह्यांत शोध केला, तेथें ती नव्हती. रविवार असल्यामुळें ग्रंथालयें बंद होतीं. ती रात्र त्यांनीं अधीरतेनें काढली. सोमवारीं सकाळीं ग्रंथालय उघडतांच पुस्तक काढून पाहिलें, आणि जुळणी बरोबर निघाली. डिसेंबर १९२५ मध्यें त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, व १९२६ मध्यें 'पुंजयामिकी' एवढ्याच अर्थाच्या मथळ्याचा प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. १९२८ सालीं त्यांनीं इलेक्ट्रॉनचें समीकरण मांडलें. त्यांतून ज्याचें अस्तित्व सूचित झालें तो धनविद्युत् असलेला प्रतिकण १९३२ मध्यें कार्ल अँडरसन यांस प्रत्यक्ष आढळला. आणि १९३३ सालीं श्रोडिंगर यांच्यासह डिरॅक यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या हकीगतींत आमचें लक्ष वेधतें तें पारितोषिकाकडे नव्हे. संधि म्हणून जिला म्हणतात ती किती गोष्टींची मिळून झालेली असते हें येथें उघड दिसतें. पोटापुरतें विद्यावेतन, योग्य क्षणीं योग्य कागद पाठविणारा मार्गदर्शक, सोमवारीं उघडणारें ग्रंथालय, आणि पूर्वीं केव्हां तरी ऐकलेला व अर्धवट का होईना पण मनांत राहिलेला धडा. यांतील पहिल्या तीन गोष्टी समाजानें द्यावयाच्या. चौथी विद्यार्थ्यानें आधींच जमवून ठेवावयाची.

आमच्या विद्यार्थिनींसाठीं दुसरें उदाहरण देतों. मारिया गेपर्ट या तरुणीनें १९३० सालीं जर्मनींतील गटिंगेन विद्यापीठांत, माक्स बोर्न यांच्या मार्गदर्शनाखालीं, आपला प्रबंध सादर केला. अणु एकाच वेळीं प्रकाशाचे दोन पुंज गिळूं शकेल काय, हा तिचा प्रश्न. आणि असें घडूं शकेल, मात्र फार क्वचित्, असें तिच्या गणिताचें उत्तर. त्या काळीं एवढा प्रखर प्रकाश उपलब्ध नसल्यामुळें हें उत्तर पडताळून पाहणें शक्य नव्हतें. लेसरचा शोध लागल्यावर १९६१ सालीं तें प्रयोगानें खरें ठरलें. विवाहानंतर अमेरिकेंत गेल्यावर या विदुषीस अनेक वर्षें वेतनाविना अथवा अल्प वेतनावर काम करावें लागलें. तरी अणुकेंद्राच्या रचनेवरील दुसऱ्या कामाबद्दल १९६३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. पेरलेलें उगवण्यास एकतीस वर्षें लागावींत, ही या शेताची रीत आहे. ज्यास चार महिन्यांत पीक पाहिजे त्यानें हें शेत घेऊं नये.

आतां आपल्या देशाकडे वळूं. होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईस झाला. १९२७ मध्यें ते केंब्रिजला गेले ते यंत्रशास्त्र शिकण्यास. मुलानें परत येऊन जमशेटपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करावें असा वडिलांचा मानस होता. भौतिकी व गणित यांवांचून आपणांस दुसरें कांहीं करावयाचें नाहीं असें मुलानें कळविलें, तेव्हां वडिलांनीं अट घातली : यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण हो, मग गणिताचा खर्च आम्ही करूं. १९३० सालीं मुलानें अट पुरी केली. वडिलांनीं शब्द पाळला. १९३५ मध्यें भाभा पीएच्. डी. झाले. १९३९ मध्यें ते सुटीवर स्वदेशीं आले असतां महायुद्ध सुरू झालें व ते येथेंच राहिले. १२ मार्च १९४४ रोजीं त्यांनीं टाटांच्या विश्वस्तनिधीस पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढण्याची सूचना केली. ती मान्य होऊन १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथें सुरू झाली व त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस आली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यासारखे गणिती आरंभापासून तेथें होते. ज्यास स्वतःस समुद्र ओलांडून जावें लागलें, त्यानें मागून येणारांस तो ओलांडावा लागूं नये अशी तजवीज केली. मिळालेल्या संधीची फेड याहून चांगली कोणती?

आज या मार्गानें जाण्याची व्यवस्था पुष्कळ सुधारली आहे. बी. एस्सी. व एम्. एस्सी. झाल्यावर, अथवा कांहीं संस्थांत बी. एस्सी. नंतरच, नेट, गेट किंवा जेस्ट या नांवांच्या परीक्षा देऊन व नंतर मुलाखत देऊन प्रवेश मिळतो. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा दर १ जानेवारी २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये असा ठरला. १९ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर करून २०३०-३१ पर्यंतच्या कामास सुमारें ६,००३ कोटि रुपयांची तरतूद केली. त्याच्या चार केंद्रांपैकीं सूक्ष्म मापनाचें केंद्र पवईच्या आय. आय. टी. कडे आहे. मुंबईच्या टाटा संस्थेखेरीज पुण्यास आयसर ही संस्था आहे. म्हणजे आमच्या मुलांस हा अभ्यास घरापासून एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर करतां येतो.

परंतु एकच बाजू सांगणें हा प्रामाणिकपणा नव्हे. या विषयांत पीएच्. डी. होणारांच्या मानानें कायमच्या अध्यापकीच्या जागा फार थोड्या असतात. पदवीनंतरहि पुष्कळांस दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागांवर, कधीं या देशीं, कधीं परदेशीं, काळ कंठावा लागतो. अनेक जण शेवटीं दुसऱ्या व्यवसायांत शिरतात. त्यांचें गणित तेथेंहि उपयोगी पडतें, हें खरें, परंतु तें योजिलेलें ठिकाण नव्हे. विद्यावेतन हातीं येण्यास कधीं विलंबहि होतो, आणि घरभाडें विलंबासाठीं थांबत नाहीं. शिवाय महिनेच्या महिने प्रश्न सुटत नाहीं तेव्हां मनास जी मरगळ येते ती एकट्यानें सोसणें कठीण असतें. म्हणून पत्र स्वीकारण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या : मार्गदर्शकाचे मागील विद्यार्थी किती वर्षांत पदवीधर झाले व आज कोठें आहेत, विद्यावेतन कोणत्या निधींतून व किती वर्षें मिळेल, राहण्याची सोय आहे कीं नाहीं, आणि ज्यांच्याशीं रोज बोलतां येईल असे सोबती तेथें आहेत कीं नाहींत. असे प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. संसाराचा हिशेब मांडणाऱ्या घरांतून आलेल्या मुलास तर तें कर्तव्यच आहे.

आणि खरा पेंच येथेंच आहे. धन्यानें सोंपविलेलें द्रव्य भीतीनें जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत शुभवर्तमानांत आहे. देवानें दिलेली बुद्धि न वापरणें हा दोष होय, हें त्यावरून मिशनच्या शाळेंत शिकविलें जातें. त्याच शाळेंत आईबापांचा मान राखण्याची आज्ञाहि शिकविली जाते. ज्या घरीं वडिलांची दृष्टि सुईच्या नेढ्यापाशीं मंदावत चालली आहे, त्या घरच्या मुलानें या दोहोंतील कोणतें आधीं पाळावें? येथेंहि क्रमानें उत्तर बदलतें. श्रीमंताच्या मुलास हा प्रश्न पडत नाहीं. म्हणून त्यानें केलेला त्याग व गरिबाच्या मुलानें केलेला त्याग एकाच तागडींत घालूं नयेत.

आम्हीं त्या माउलीस जें सांगितलें तें थोडक्यांत असें : "बाई, हा कागद-पेन्सिल घेऊन अशा प्रश्नापाशीं बसेल कीं ज्याचें उत्तर अद्याप कोणी काढलेलें नाहीं. बहुतेक दिवस तें यालाहि येणार नाहीं. ज्या दिवशीं थोडें येईल त्या दिवशीं तें सर्व जगाच्या उपयोगासाठीं छापलें जाईल, आणि त्याच्यावर पुढचा कोणी चढेल. यांतून यंत्र निघेल कीं नाहीं, आणि निघालें तर याच्या हयातींत निघेल कीं नाहीं, हें सांगतां येत नाहीं. पांच वर्षें याला पोटापुरतें मिळेल. श्रीमंती मिळणार नाहीं." पुढची वर्षें सुखाचीं जातील असें वचन आम्हीं दिलें नाहीं, कारण तें देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

मग त्या कुटुंबानें आपल्या घरीं बसून हिशेब केला. विद्यावेतनांतून मुलीची फी आधीं निघावी, उरेल त्यांत मुलानें भागवावें, आणि दोन वर्षांनीं सर्वांनीं पुन्हां एकत्र बसून पुढचा विचार करावा, असें ठरलें. वडील इतकेंच म्हणाले कीं, कापड एकदां कापलें म्हणजे परत जोडतां येत नाहीं, तेव्हां मापें दोनदां घ्या. मापें दोनदां घेतलीं गेलीं, आणि मुलानें संस्थेस होकार कळविला. हा निर्णय बरोबर कीं चूक हें पांच वर्षांनींहि कदाचित् निश्चित सांगतां येणार नाहीं. तो उघड्या डोळ्यांनीं झाला, आणि सर्वांनीं मिळून केला, एवढें मात्र आम्ही खात्रीनें सांगतों.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फारच थोडे या मार्गानें जातील, आणि तेंच योग्य आहे. परंतु ज्यांस गणिताचें एखादें उदाहरण सुटेपर्यंत जेवण गोड लागत नाहीं, त्यांनीं आजपासूनच थोडी तयारी ठेवावी. बीजगणित, भूमिति व कलनशास्त्र हीं परीक्षेपुरतीं पाठ न करतां समजून घ्यावीं. न समजलेली गोष्ट समजली असें कधीं म्हणूं नये. आणि शिकलेला धडा निरुपयोगी म्हणून टाकून देऊं नये, कारण केंब्रिजच्या त्या विद्यार्थ्यास रविवारीं आठवला तो धडा शिकतांना पुढें कामीं पडेल असें कोणीं सांगितलें होतें? आणि पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलगा अथवा मुलगी असें एखादें पत्र घेऊन आली तर तें हसून बाजूस ठेवूं नये व गर्वानें मिरवूंहि नये. त्या माउलीप्रमाणें, हें शिकून नक्की काय करणार, असा सरळ प्रश्न विचारावा, आणि उत्तर पुरें होईपर्यंत ऐकून घ्यावें.